मुंबई–लंडन : अंतर किती, वेळ किती?

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

गेल्या वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझे आजोबा वारले. सायंकाळी साडेसहाचा सुमार होता. माझे थोरले काका लंडनला असतात. सात वाजता वडिलांनी त्यांना फोन केला आणि अर्ध्या तासात काकांचा उलट फोन आला की, रात्री साडेनऊच्या विमानाचे तिकीट मिळाले आहे, मी निघतो. ओसरीवर भावकीतील वडीलधारी मंडळी बसली होती. त्यांतील एकांनी विचारले, "विमानाला किती वेळ लागतो?" वडील म्हणाले, "नऊ तास." मग तेथल्या तेथे हिशेब झाला. साडेनऊला निघणार, त्यात नऊ तास, म्हणजे सकाळी साडेसहाला मुंबई. विमानतळावर तासभर मोडला आणि तेथून साताऱ्यापलीकडे आमच्या गावापर्यंत मोटारीने सहा तास धरले, तरी दुपारी दीडपर्यंत काका दारात. थोरल्या मुलाच्या हातून अग्नी द्यावयाचा तर एवढे थांबणे काही अवघड नाही, असे सर्वांचे मत पडले. तालुक्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या. पाहुण्यांना दुपारी दोनची वेळ कळविली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता काकांचा फोन आला. सर्वांना वाटले, गाडी घाट चढून वर आली असेल. काका म्हणाले, "आत्ता विमानतळाच्या बाहेर पडतो आहे."

पाहुणे लांबून आलेले, थंडीतला दिवस लहान, बर्फ संपत आलेला. सूर्य मावळायच्या आत माती झाली पाहिजे, म्हणून अखेर साडेचार वाजता माझ्या वडिलांनी, म्हणजे धाकट्या मुलाने, अग्नी दिला. काका सात वाजता पोचले.

आजी त्या वेळी काही बोलली नाही. सावडण्याच्या दिवशी मात्र तिने मला जवळ बसवून विचारले, "नऊ तासांचं इमान म्हनत हुता न्हवं? मग माज्या लेकराला अख्खा दीस का गं लागला?" तीन वर्षे भूगोल घेऊन बसलेल्या मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. 'तिकडची वेळ वेगळी असते' असे काहीतरी मी पुटपुटले. ते तिला पटले नाही आणि खरे म्हणजे मलाही पुरते उमगलेले नव्हते.

महाविद्यालयात परत आल्यावर मी हा प्रश्न आमच्या विभागातील सरांपुढे ठेवला. त्यांनी उत्तर दिले नाही. कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढून दिला आणि शिवणाचा दोरा घेऊन यावयास सांगितले. प्रस्तुत लेखाची सुरुवात त्या दोऱ्यापासूनच करते.

आमच्या विभागातील गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर आहे, म्हणजे त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा परीघ स्थूलमानाने ४०,००० किलोमीटर. तेव्हा गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ४२४ किलोमीटर झाले. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे लंडनवर धरून तो ताणला आणि मग पट्टीवर मोजला. तो १७ सेंटिमीटर भरला. गुणाकार केला तर ७,२०० किलोमीटर. अक्षांश-रेखांश घेऊन त्रिकोणमितीने मुंबई आणि हीथ्रो या दोन विमानतळांमधले अंतर काढले, तर ते ७,२१० किलोमीटरच्या आसपास येते. दहा रुपयांच्या दोऱ्याने एवढे अचूक उत्तर द्यावे याचे मला फार नवल वाटले.

परंतु खरे नवल अंतराचे नाही, दोऱ्याच्या वाटेचे आहे. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबी समुद्र ओलांडून इराणचे आखात, इराक, तुर्कस्तान अशी जाईल असे वाटते. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र तसा जात नाही. तो मुंबईहून वायव्येच्याही थोडा उत्तरेकडे निघतो, कराचीच्या डोक्यावरून जातो, पूर्व इराण ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावर येतो, मग अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनचे ओडेसा, मोल्दोव्हा, प्रागच्या जरा उत्तरेचा प्रदेश आणि जर्मनीचे ड्युसेलडॉर्फ असा जाऊन लंडनला पोचतो. पोचताना त्याची दिशा जवळजवळ नेमकी पश्चिम असते. हेच उलट बाजूने पाहावे. लंडनहून मुंबईला यावयाचे तर सर्वांत जवळच्या वाटेने निघताना तोंड सरळ पूर्वेला करावे लागते. मुंबई लंडनच्या ३२ अंश दक्षिणेला आहे, तरीसुद्धा! मी ही गोष्ट वसतिगृहातील मैत्रिणींना सांगितली तेव्हा एकीनेही ती खरी मानली नाही. शेवटी गोल खोलीवर आणावा लागला.

याचे कारण समजावयास कठीण नाही. रेखावृत्तांमधले अंतर विषुववृत्तावर सर्वांत जास्त असते आणि ध्रुवांकडे जाताना ते कमी होत जाते. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर. मुंबईच्या अक्षवृत्तावर तो १०५ किलोमीटर होतो आणि लंडनच्या अक्षवृत्तावर अवघा ६९. मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये ७३ अंश रेखांशांचे अंतर आहे. हे ७३ अंश कोठे तोडावयाचे? जेथे अंश अरुंद आहेत तेथे तोडणे फायद्याचे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जावयाचे असेल तर पायथ्याने वळसा घालण्यापेक्षा थोडे वर चढून, जेथे डोंगराचा घेर कमी आहे तेथून वळणारा गुराखी हेच गणित करीत असतो. म्हणून जवळची वाट आधी उत्तरेकडे सरकून घेते आणि मग पश्चिमेकडे वळते. गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाला आपण बृहद्‌वृत्त म्हणतो, आणि आपला दोरा हा अशाच एका बृहद्‌वृत्ताचा तुकडा होय.

मग भिंतीवरचा नकाशा खोटे सांगतो काय? तसे नाही. तो वेगळ्या कामासाठी काढलेला आहे. मर्केटरने आपला प्रसिद्ध नकाशा १५६९ साली काढला, तो दर्यावर्दी लोकांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्या नकाशावर सरळ रेघ दिसते, आणि भर समुद्रात एवढी सोय पुष्कळ झाली. त्या सोयीची किंमत म्हणून उत्तरेकडचे प्रदेश त्यावर अवाढव्य दिसतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे हे त्या नकाशाकडे पाहून कोणालाही वाटणार नाही. मुंबईहून लंडनपर्यंत अशी एकच दिशा धरून गेलो तर अंतर सुमारे ७,४०० किलोमीटर होते. म्हणजे दोऱ्यापेक्षा दोनशे किलोमीटर जास्त. आमच्या गावापासून मुंबईएवढा हा फरक, पण विमानाच्या हिशेबात तो पंधरा मिनिटांचाही नाही.

एवंच अंतर ठरले. आता ते कापण्याचा विचार करावयाचा. पण येथे एक अडचण आहे: दोरा गोलावर ताणता येतो, आकाशात नाही. ज्या प्रदेशावरून तो जातो तो कोणाचा ना कोणाचा आहे, आणि आपल्या डोक्यावरून कोणाला जाऊ द्यावयाचे हे प्रत्येक देश ठरवितो. दोऱ्याखाली सर्वांत आधी कराची येते. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती पुरती उघडली जुलैच्या मध्यात. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा बंदी घातली. दुसरीकडे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्या दिवसापासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. म्हणजे ७,२१० किलोमीटरच्या या रेषेवर दोन मोठी कुलुपे पडली. एक केवळ भारतीय विमानांपुरते, दुसरे सर्वांसाठी. वाटेतला इराणही २०२५ च्या जूनमध्ये इस्राएलशी झालेल्या युद्धात काही दिवस बंद होता. अशा वेळी विमाने अरबी समुद्र, आखात, इराक, तुर्कस्तान या बाजूने वळतात. गंमत पाहा, भिंतीवरच्या नकाशावरील ज्या 'चुकीच्या' रेघेला आपण मघाशी हसलो, जवळजवळ तिच्याच वाटेने राजकारणाने विमाने नेली!

कराचीवरून आठवले. या वाटेशी कराचीचे जुने नाते आहे. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी हवाई टपाल व उतारू सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत, आणि तिला हवाई म्हणावे तर वाटेत बाझेलपासून जिनोआपर्यंतचा टप्पा चक्क आगगाडीने होता. कराचीपासून पुढचे टपाल जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी स्वतः एक लहानसे विमान चालवीत अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर आणले. उतारू मात्र त्या काळी बोटीनेच जात. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्टला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले, मार्सेलिसला उतरून पुढे जमिनीवरून गेले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. पंधरा दिवस! आणि हे सुएझचा कालवा असताना. १८६९ मध्ये तो खुला होण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जावे लागे, तेव्हा मुंबई–लंडन हे समुद्रावरचे अंतर जवळजवळ २०,००० किलोमीटर होते. कालव्याने ते साडेअकरा हजारांवर आणले. दोन्ही शहरे जागच्या जागीच राहिली आणि मधले अंतर साडेआठ हजार किलोमीटरनी घटले.

स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन जातीचे हे विमान एका दमात एवढे जाऊ शकत नसे. ते कैरोला आणि जिनिव्हाला थांबले. मुंबई–कैरो, कैरो–जिनिव्हा, जिनिव्हा–लंडन हे तीन तुकडे जोडले तर सुमारे ७,९०० किलोमीटर होतात. दोऱ्यापेक्षा सातशे किलोमीटर जास्त. शिवाय प्रत्येक थांब्याला उतरणे, तेल भरणे, पुन्हा चढणे. (हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे जात असता माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि आतील सर्व ४८ जण दगावले.) १९६० साली या मार्गावर बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत विमाने मोठी झाली, न थांबता लांब जाऊ लागली, इंधन कमी पिऊ लागली, पण वेगाने मात्र फारशी पुढे गेली नाहीत. ताशी नऊशे किलोमीटरचा आकडा आजही तसाच आहे.

तर मग ७,२०० भागिले ९००, बरोबर आठ तास. परंतु कोणत्याही वेळापत्रकात आठ तास लिहिलेले सापडत नाहीत. मुंबईहून लंडनला जाताना सुमारे दहा तास आणि लंडनहून मुंबईला येताना सुमारे नऊ, असे लिहिलेले असते. वाट एकच, विमान एकच, मग जाण्यायेण्यात तासाचा फरक का?

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नाव आणि प्रवाह यांची गणिते असत, ती वाचकांना आठवत असतील. विमान हेही नावेसारखेच आहे. त्याचा नऊशेचा वेग हवेतला आहे, जमिनीवरचा नव्हे. ज्या हवेत ते तरंगते ती हवाच जर पूर्वेकडे वाहत असेल, तर पूर्वेकडे जाणाऱ्याला ती पुढे ढकलते आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला मागे ओढते. आपल्या वाटेवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. त्यांची सरासरी ताशी पन्नास किलोमीटर धरली, तर जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ८५० पडेल आणि ७,२०० किलोमीटरना आठ तास अठ्ठावीस मिनिटे लागतील. येताना वेग ९५०, वेळ सात तास पस्तीस मिनिटे. फरक ५३ मिनिटांचा. वेळापत्रकातला तास तो हाच.

येथे एक समज दूर केला पाहिजे. जाताना जे जाते ते येताना परत मिळते, असे पुष्कळांना वाटते. वारा ताशी शंभर किलोमीटरचा घ्या. जाताना नऊ तास, येताना सात तास बारा मिनिटे. एकूण सोळा तास बारा मिनिटे. वारा मुळीच नसता तर सोळाच झाले असते. वारा समोरून असतो तेव्हा तो विमानाला जास्त वेळ सोसावा लागतो आणि पाठीशी असतो तेव्हा कमी वेळ मिळतो, म्हणून हा व्यवहार नेहमी तोट्याचाच असतो.

या उंचीवरच्या वाऱ्यांमध्ये काही अरुंद, अतिशय वेगवान पट्टे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो, कधी तीनशेच्याही. त्यांच्या शोधाची कथा कला शाखेच्या मंडळींनी ऐकण्यासारखी आहे. जपानमधील तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी हे शास्त्रज्ञ १९२० नंतरच्या वर्षांत आकाशात फुगे सोडून दुर्बिणीतून त्यांची गती मोजीत असत. हिवाळ्यात फार उंचावर फुगे प्रचंड वेगाने पूर्वेकडे जातात हे त्यांनी पाहिले. आपले संशोधन सर्व जगाला वाचता यावे म्हणून १९२६ मध्ये त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला तो एस्परांतो भाषेत, म्हणजे जगाची सामाईक भाषा व्हावी म्हणून मुद्दाम बनविलेल्या भाषेत. परिणाम असा झाला की जपानबाहेर तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकन बॉम्बफेकी विमाने टोकियोवर उंचावरून गेली, तेव्हा या वाऱ्यांनी त्यांचे नेम पार चुकविले आणि तेव्हा कोठे अमेरिकनांना त्यांची ओळख पटली. सर्वांची भाषा कोणाचीच नसते, असा काहीसा धडा भाषेच्या विद्यार्थ्यांनी यातून घ्यावा काय, हे मी त्यांच्यावर सोपविते.

आपल्याकडे हिवाळ्यात असाच एक पश्चिमी जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेस उत्तर भारतावरून वाहतो. जूनच्या सुमारास तो तिबेटच्या उत्तरेस सरकतो आणि मान्सूनच्या काळात दक्षिण भारतावर, त्याहूनही उंच, उलट म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा दुसरा प्रवाह तयार होतो. या पूर्वी जेट प्रवाहाचा अभ्यास पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली मांडला. पुढे ते आपल्या हवामानखात्याचे प्रमुख झाले. पावसाचे शास्त्र शिकताना आम्ही हे प्रवाह पाठ केले होते. पण लंडनहून येणाऱ्या माणसाच्या घड्याळाशी त्यांचा संबंध असेल, हे कधी मनात आले नव्हते. आजोबा गेले त्या जानेवारीत हा वारा काकांच्या पाठीशीच होता. त्यांना उशीर झाला तो वाऱ्याने नव्हे.

वाऱ्यासाठी वाट वाकडी करणेही कधी परवडते. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे याचे उत्तम उदाहरण. एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिक महासागरावरून जाई, तेव्हा ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात झाली. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटरनी लांब. तरीही वारा सबंध वाटेवर पाठीशी राहिल्याने विमान साडेचौदा तासांत पोचू लागले, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. तेव्हा 'जवळची वाट' याचा अर्थ किलोमीटरने जवळची की घड्याळाने जवळची, हे आधी विचारून घ्यावे.

वाऱ्याचा हिशेब धरूनही वेळापत्रकातले नऊ-दहा तास पुरते भरत नाहीत. राहिलेला वेळ जमिनीवर आणि जमिनीजवळ जातो. वेळापत्रकातली वेळ उड्डाणाची नसते. विमान आपल्या जागेवरून हलते तेथून ती सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहते तेथे संपते. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, वर चढताना आणि उतरताना मंद असणारा वेग, सरळ रेषा सोडून ठरावीक मार्गांनी जाणे, हे सारे त्यात येते. हीथ्रोभोवती तर विमानांनी घिरट्या घालीत थांबण्याच्या चार ठरलेल्या जागा आहेत. एकावर एक थर लावल्याप्रमाणे विमाने तेथे फिरत राहतात आणि खालचे उतरले की वरचे एक पायरी खाली येते. एस. टी. स्थानकात फलाट मोकळा होईपर्यंत गाडी बाहेर उभी असते, त्यातलाच हा प्रकार. फक्त विमानाला उभे राहता येत नाही.

आता घड्याळाकडे वळू. आमच्या ओसरीवरचा हिशेब फसला तो येथे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापलेली असते. हिवाळ्यात भारताचे घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमध्ये घड्याळे तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्या काळात हा फरक साडेचार तासांचा असतो. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईहून रात्री दोनला निघालेले विमान दहा तास उडून लंडनला त्याच सकाळी साडेसहाला उतरते. कागदावर साडेचार तास! उलट लंडनहून रात्री साडेनऊला निघालेले विमान नऊ तासांत येऊनही मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पोचते. कागदावर साडेचौदा. तिकीट हाती घेऊन नुसती वजाबाकी करणारा माणूस जाताना फार खूष होतो आणि येताना फार कष्टी.

(घड्याळांचा हा घोळ एकेकाळी घरातल्या घरातही होता. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असणारी आपली स्वतंत्र 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. 'मलबार प्रिन्सेस' निघाले त्या रात्री मुंबईतच दोन घड्याळे होती.)

आता त्या दिवसाचा हिशेब पुन्हा मांडते. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजता वडिलांनी फोन केला, तेव्हा लंडनला दुपारचा दीड वाजला होता. विमान तेथील रात्री साडेनऊचे, म्हणजे आपल्याकडील पहाटे तीनचे. निरोप मिळाल्यापासून निघेपर्यंतच आठ तास गेले, आणि त्यांचा उल्लेख ओसरीवर कोणाच्याच तोंडून आला नाही, कारण सर्वांनी साडेनऊ हे आमच्या भिंतीवरच्या घड्याळातले धरले. पहाटे तीनला विमान निघाले. नऊ तास. दुपारी बारा. पारपत्र, सामान, बाहेर पडणे यांत तासभर. मुंबईपासून गावापर्यंत सहा तास. सायंकाळी सात. कोठेही विलंब झालेला नव्हता. विमान वेळेवर होते, मोटार वेळेवर होती. चोवीस तासांपैकी विमानाचे नऊच. बाकीचे पंधरा तास आम्ही 'प्रवास' या शब्दात धरलेलेच नव्हते, आणि त्यांतले साडेपाच केवळ घड्याळात लपलेले होते. ते साडेपाच आदल्या रात्रीच कोणी मोजले असते, तर बर्फ जास्त मागविता आला असता आणि पाहुण्यांना तिसऱ्या दिवशी सकाळची वेळ देता आली असती. किंवा थांबावयाचे नाही असे तरी वेळेवर ठरले असते, आणि काकांना ते मुंबईच्या रस्त्यावर कळण्याऐवजी निघण्यापूर्वी कळले असते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गोल आणि दोरा घेऊन गावी गेले. आजीने कराची, इराण, काळा समुद्र हे सारे शांतपणे ऐकून घेतले. वाऱ्याचे तिला लगेच पटले. उफणणी केलेल्या बाईला वाऱ्याची दिशा सांगावी लागत नाही. घड्याळाचे मात्र मी तीनदा सांगितले. आपल्याकडे दिवेलागणी होते तेव्हा तिकडे ऊन असते, असे म्हटल्यावर तिने गोल स्वतःच्या हाताने खिडकीकडे फिरवून पाहिला.

"म्हंजी आपन वसरीवर बसून इमान उडालं उडालं म्हनत हुतो, तवा तिकडं किती वाजलं हुतं?"

"दुपारचे चार."

"आन त्यो कुठं हुता?"

"घरी. बॅग भरत होता."

आजीने मान हलविली आणि दोरा गुंडाळून माझ्या हातात दिला.